वलीम्याचे दोन किलो आणि वेल्ह्याचा रस्ता

पुण्याच्या हवामानाच्या नोंदीत १७ जानेवारी १९३५ ची पहाट सर्वांत थंड म्हणून लिहिलेली आहे. त्या दिवशी पारा १.७ अंशावर उतरला होता. भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगावं, तर तो विडी विझवत म्हणेल, ‘त्यात काय एवढं?’ इकडची थंडी शहरातल्या थंडीसारखी वरवरची नसते. दिवसा ऊन चटचटतं, शाळेत मुलं स्वेटर काढून कमरेला बांधतात आणि मगरिबनंतर तासाभरात सगळं गाव दार लावून बसतं. रात्री डोंगराचे उतार गार पडतात, त्यांना टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी घरंगळत खोऱ्याच्या तळाशी जाऊन साठते. म्हणून तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे गारठलेलं असतं, तेव्हा दीड-दोनशे मीटर वरच्या वाडीवर चक्क ऊब लागते. नीरेच्या काठावर वसलेल्या आमच्या भोरचंही तेच. नदीवर धुकं, खाचरांतल्या धसकटांवर दहिवर आणि फज्रच्या नमाजेला निघालेल्या माणसांच्या तोंडातून वाफ.

अशा थंडीत सकाळी उठून पळायचं, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे घरातली चौघं : मास्तरकी करणारे नवरा-बायको, थोरल्या भाबी आणि यंदा बारावीला असलेला भाचा. पळण्याचा शौक चौघांपैकी फक्त भाच्याला होता, आणि त्यालाही पोलीस भरतीच्या आशेनं. बाकी तिघांना ज्या कारणानं पळावं लागलं, ते कारण वाचकांपैकी बहुतेकांच्या घरात असेल, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही वरंध घाट उतरून महाडला आजोळी जातो. पावसाळ्यात हा घाट बंद असतो, त्यामुळे चार महिन्यांची भेटीगाठींची सगळी उधारी दिवाळीतच फिटते. खालाच्या घरी उतरलं की सकाळी घावन, दुपारी सरंग्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी, संध्याकाळी नारळाच्या दुधातली सांदणं. ‘नको’ म्हणणं म्हणजे तिकडे भांडणाला आमंत्रण. तिथून परत येतो न येतो, तोच निकाहांचा हंगाम सुरू. यंदा नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून आम्हाला सात वलीमे होते. बिर्याणी, दालचा, जर्दा, शाही तुकडे. आणि घरी थंडीचं म्हणून डिंकाचे लाडू आणि रविवारी पाये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघांपैकी तिघांच्या सलवारीचे नाडे तोकडे पडले होते. भाचा मात्र तसाच काटकुळा. हे वयच तसं असतं, त्याचा राग येऊन उपयोग नाही.

सुट्टीत चढलेल्या वजनाबद्दल अमेरिकेत एक पाहणी झाली होती. ती २००० साली प्रसिद्ध झाली. १९५ माणसांची वजनं त्यांच्या सणासुदीच्या आधी आणि नंतर घेतली, तर सरासरी वाढ निघाली जेमतेम ०.३७ किलो, म्हणजे चार-पाचशे ग्रॅमही नाही. लोकांना मात्र आपण सुमारे दीड किलोनं वाढलो असं वाटत होतं. इथवर वाचून आम्ही खूष झालो होतो. पण पुढची गोष्ट अशी की सण संपल्यावर वर्षभरात ते वजन उतरलंच नाही. पाव-अर्धा किलो दरसाल अंगावर मुक्काम करतो आणि पंचविशीत अंगाला झालेला निकाहाचा शेरवानी-शरारा पंचेचाळिशीत कपाटातच का राहतो, याचा हिशेब लागतो. आमची वाढ सरासरीपेक्षा बरीच जास्त होती, पण सात वलीमे अमेरिकेत कोण जेवतं!

गोष्ट सलवारीच्या नाड्यावरच थांबली असती, तर आम्ही शिंप्याकडे गेलो असतो. भाबींना दुपारी पाय जड वाटायचे, डोळ्यांवर झापड यायची. तालुक्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी ६.३ आली. ५.७ ते ६.४ हा उंबरठा मानतात, ६.५ ला मधुमेह म्हणतात. भाबी उंबरठ्यावर, पण आतल्या बाजूला झुकलेल्या. आमच्या सासूबाईंचा उजव्या पायाचा अंगठा याच आजारात गेला होता आणि त्यांची जखम धुण्याचं काम वर्षभर भाबींनीच केलं होतं. त्यामुळे डॉक्टरांनी आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. घरी येऊन लाडवांचा डबा शेजारच्या पोरांत वाटून टाकला आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिल्या.

आता यातली खरी अडचण सांगतो. भाबी लठ्ठ नाहीत. रस्त्यात कुणी त्यांना जाड म्हणणार नाही. उलट ‘माशाअल्लाह, अंगानं बेताच्या’ असंच म्हणतील. आपल्या लोकांच्या अंगकाठीतली ही फसवणूक पुण्यातच ओळखली गेली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी उभे, दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर जुळे भाऊ आणि आतून मात्र निराळे! आपल्याकडची चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते, दंडावर-मांडीवर दिसत नाही. म्हणून आपल्यासाठी मापंही कडक ठेवली आहेत. गोऱ्या माणसाला २५ पर्यंतचा निर्देशांक चालतो, आपल्याला २३ च्या वर गेलं की सावध व्हायचं. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला ही मर्यादा ५५ किलोंना लागते. कमरेचं माप बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. भाच्यानं शिवणयंत्राच्या खणातली टेप आणून घरातल्या सगळ्यांची कंबर मोजली आणि कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली. त्या कागदापुढे आलेल्या पाहुण्यांना पाणी द्यायला फ्रिज उघडायची लाज वाटायची, हाही एक फायदाच.

देशात २०२३ साली छापून आलेल्या मोठ्या पाहणीचे आकडे असे : १० कोटी १० लाख मधुमेही आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. दारातल्या माणसांची रांग घरातल्या माणसांहून मोठी आहे. पण दारातून मागे फिरता येतं, आणि फिरण्याचा एक रस्ता चालण्या-पळण्याचा आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललं किंवा ७५ मिनिटं पळलं तरी पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तर पहिली सकाळ १ जानेवारीची नव्हती. नव्या वर्षाचे संकल्प आमच्या घरात फारसे टिकत नाहीत. आम्ही नमाजेची वेळ धरली. जानेवारीत भोरला सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी उगवतो आणि फज्रची वेळ पावणेसहा-सहाच्या सुमाराला लागते. म्हणजे नमाज झाल्यावर ऊन येईपर्यंत पाऊण तास असाच पडलेला असतो. हिवाळ्यात तो पाऊण तास दुलईत जायचा. उठणं हे सर्वांत अवघड काम, ते तर नमाजेसाठी होतंच. वजूच्या गार पाण्यानं झोपही गेलेली असते. मग फक्त एवढंच करायचं की पुन्हा दुलईत शिरायचं नाही. आम्ही मुसल्याशेजारी रात्रीच बूट-मोजे आणि कानटोप्या ठेवू लागलो. सलाम फेरला, दुआ झाली की हात आपोआप मोज्यांकडे. ज्यांना ‘थंडीत उठवत नाही हो’ म्हणायची सवय आहे, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की तुम्ही उठताच. उठल्यावर काय करता, तेवढाच प्रश्न आहे.

पूर्ण उजाडायच्या आत मात्र बाहेर पडायचं नाही, हा नियम केला. आमच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, अंधारात ट्रक-टेम्पोवाल्यांना माणूस दिसत नाही, आणि भटकी कुत्री तर जगजाहीर. पाऊणे-सातला निघायचं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. भाच्याच्या हातात एक काठी. ती कुत्र्यांना दाखवायला पुरते, मारायला लागत नाही.

पहिले दोन आठवडे आम्ही ज्याला पळणं म्हणत होतो, ते पाहून खऱ्या पळणाऱ्याला हसू आलं असतं. विजेचे चार खांब पळायचं आणि सहा खांब चालायचं. नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत. श्वास लागला की उभं राहून नीरेवरचं धुकं बघायचं, जणू त्यासाठीच थांबलो आहोत. राजवाड्याजवळून जाताना भाचा आम्हाला दोनदा ओलांडून पुढे जायचा आणि दोनदा मागे यायचा. १८६९ साली बांधलेला हा पंतसचिवांचा राजवाडा सिनेमावाल्यांनी साऱ्या देशाच्या ओळखीचा केला आहे. त्याच्या भिंतीलगत धापा टाकणारी आमची वरात कुठल्याही शूटिंगपेक्षा बघण्यासारखी होती. एका दूधवाल्या काकांनी सायकल थांबवून भाबींना काळजीनं विचारलं, ‘काय वैनी, एसटी चुकली का?’

भाबींना हे लागलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘तुम्ही जा, मी गच्चीवर चालते.’ गावात बाईनं पळायचं म्हणजे दोनच कारणं समजतात, एक एसटी आणि दुसरं दवाखाना. त्यात बाई डोक्यावर ओढणी घेतलेली, चाळिशी ओलांडलेली, सून आलेल्या घरातली. मोहल्ल्यातल्या दोन-चार जणींनी हळूच विचारलंही होतं, हे शोभतं का म्हणून. कुणी वाईट बोललं नाही, पण गाव छोटं असलं की न बोललेलंही ऐकू येतं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना घरातल्या मास्तरणीनं भाबींना एक हदीस सांगितली. अबू दाऊदच्या संग्रहात ती आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. प्रवासात असताना हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषित हजरत मुहंमद (सल्ल.) यांच्याबरोबर शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे काही काळानं त्यांच्या अंगावर मांस चढलं होतं, तेव्हा पुन्हा शर्यत झाली. या वेळी प्रेषित (सल्ल.) पुढे गेले आणि हसून म्हणाले, त्या वेळची ही फेड. ही हकीगत स्वतः आयेशांनीच सांगितलेली आहे, वजन वाढल्याचंही त्यांनीच सांगितलं आहे, आणि ते सांगताना त्यांना कुठे संकोच वाटलेला दिसत नाही. भाबी ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे वजन वाढल्यावरसुद्धा त्या पळाल्याच ना!’ आम्ही तिघांनी ही हदीस कितीतरी वेळा ऐकली होती, पण नेमका हा मुद्दा आमच्या ध्यानात कधी आला नव्हता.

हजला जाऊन आलेल्यांनी सफा आणि मरवा या टेकड्यांमधली सईही पाहिली असेल. बीबी हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत तिथे धावल्या, त्याची आठवण म्हणून हाजी सात खेपा घालतात. हिरव्या दिव्यांच्या मधल्या टप्प्यात पुरुषांनी धावायचं आणि बायकांनी चालायचं, असा रिवाज आहे. एका बाईच्या धावण्याची आठवण आज पुरुष धावून जपतात, हे आम्हाला नेहमीच मोठं गमतीचं वाटत आलं आहे.

तिसऱ्या दिवशी भाबी परत रस्त्यावर आल्या. ढगळ कुर्ता, भाच्याची जुनी ट्रॅकपँट, ओढणीऐवजी पिनांनी पक्का बसवलेला स्कार्फ. ओढणी पळताना घसरते आणि मग सगळं लक्ष तिच्याकडेच राहतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको. दूधवाले काका दिसले, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, ‘काका, एसटी रोजच चुकणार आहे आता.’ काका हसले. त्यानंतर ते रोज घंटी वाजवून पुढे जातात, आणि एखाद्या दिवशी आम्ही दिसलो नाही, तर दुसऱ्या दिवशी हजेरी घेतात. आमच्या शाळेत हजेरीचं एवढं कडक काम कुणी करत नाही.

पुलाचा कंटाळा आला, तसा आम्ही रस्ता बदलला. भाटघर धरण भोरपासून जवळच आहे. वेळवंडी नदीवरचं हे धरण इंग्रजांच्या काळात १९२७ साली पुरं झालं, तेव्हा त्याला लॉइड धरण म्हणत. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात, आणि जानेवारीत ते काठोकाठच्या आसपास असतं. सकाळी त्या पाण्यावरून येणारा वारा कानटोपीच्या आत शिरतो. पण सात-सव्वासातला पलीकडच्या डोंगरावरून ऊन उतरायला लागतं, एकेक टेकडी उजळत पाण्यापर्यंत येतं आणि मग अंगावर येतं. त्या उन्हात पाच मिनिटं उभं राहण्यासाठी आम्ही कितीतरी वेळा पळालो आहोत. वजन, साखर, कंबर यातलं काही त्या वेळी डोक्यात नसतं.

एका रविवारी रोहिड्यावर गेलो. भोरच्या दक्षिणेला बाजारवाडीतून हा गड चढतात. चढावर पळायचा प्रश्नच नव्हता. भाचासुद्धा वाकून चालत होता. तिसऱ्या दरवाजाशी आम्ही दोघं मास्तर माणसं बराच वेळ रेंगाळलो. दरवाजाच्या दोन्ही अंगांना हत्तीची शिरं कोरलेली आहेत आणि तिथे दोन शिलालेख आहेत, एक मराठी आणि एक फारसी. आदिलशाही अमलातल्या दुरुस्तीच्या वेळचे. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, मधून वाट. सकाळी मराठीचा तास आणि दुपारी उर्दूचा तास घेणाऱ्यांना अशा दरवाजातून जाताना आपल्याच शाळेत शिरल्यासारखं वाटलं. फारसीतली अक्षरं पुष्कळ झिजली आहेत, तरी ओळखीच्या वळणाचं एखादं अक्षर सापडलं की बोट त्याच्यावरून फिरवून बघावंसं वाटतं. भाबी तोवर पायरीवर बसून चणे खात होत्या. त्यांना खाली उतरायची घाई होती, कारण दुपारी आणखी एक वलीमा होता.

या वलीम्यांचं काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. दावत कबूल करणं हे आपल्याकडे चांगलं मानलं आहे, न जाणं बरं दिसत नाही. पळून सगळं भरून निघेल, या भ्रमातही राहता येत नाही. ढोबळ हिशेब असा आहे की माणूस एक किलोमीटर पळाला, की त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक उष्मांक खर्च होतो. ६५ किलोंचा माणूस तीन किलोमीटर पळून १९५ उष्मांक जाळतो. शाही तुकड्याच्या एका भरल्या वाटीचंसुद्धा हे पुरतं उत्तर नाही. शेवटी भाबींनीच तोड काढली. दावतीला जायचं, बिर्याणी एकदाच वाढून घ्यायची, गोड पदार्थ ताटात घ्यायचा नाही आणि हात धुवायला सगळ्यांच्या आधी उठायचं. आग्रह करणाऱ्यांना ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढे बोलत नाही. ‘मला नको’ या वाक्याला जे वजन नसतं, ते डॉक्टरांच्या नावाला असतं.

जानेवारीच्या मध्यावर खरी परीक्षा आली. तेव्हा उत्साह ओसरलेला, थंडी सर्वांत कडक, शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल, भाच्याची तोंडी परीक्षा. काट्यावर तर काहीच हलेना. तीन आठवडे पळून तीनशे ग्रॅम! अशा वेळी माणूस सोडतो. आम्ही काटा माळ्यावर टाकला आणि फ्रिजवरच्या कागदावर फक्त कंबर लिहायची ठरवली, तीही महिन्यातून एकदा. आणि दुसरं असं ठरलं की कितीही कंटाळा आला, तरी बूट घालून पुलापर्यंत जायचं. तिथून परत फिरायला पूर्ण मुभा. या मुभेचा फायदा आम्ही महिन्याभरात दोनदा घेतला. बाकीच्या दिवशी पुलाशी पोचल्यावर परतण्यात अर्थ वाटला नाही, कारण थंडी घरापासून पुलापर्यंतच वाजते.

भाचा म्हणाला, आता वेल्ह्याला जाऊ. वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी राजगड तालुका नाव मिळालं आहे, लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. भोरहून कापूरहोळ, मग महामार्गानं नसरापूर फाटा आणि तिथून आत. दोन मोटारसायकलींवर चौघं, हातमोज्यांवर हातमोजे. मार्गासनीपाशी राजगडाची वाट फुटते आणि विंझरच्या पुढे तोरणा सगळं आभाळ अडवून उभा राहतो. १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड. औरंगजेबानं १७०४ मध्ये तो घेतला तेव्हा त्याला फुतूहुल्गैब असं नाव दिलं होतं. उर्दूच्या वर्गात ‘गैब’ शब्द आला की आम्ही मुलांना हा दाखला देतो. नाव मात्र टिकलं नाही. गडांची नावं फर्मानानं बदलत नसतात.

विंझरच्या पुढे गाड्या लावल्या आणि वेल्ह्याच्या दिशेनं निघालो. कानंद खोऱ्यातला हा रस्ता पळायला भोरपेक्षा चांगला : गाड्या थोड्या, दोन्ही बाजूंना रिकामी खाचरं, कुठे वाल नि हरभरा, अंगणांत पेंढ्याच्या उडव्या. डोंगराच्या सावलीमुळे ऊन उशिरा येतं. घरांपुढे शेकोट्या आणि शेकोटीभोवती उकिडवी बसलेली माणसं. त्यांना पळणाऱ्यांचं नवल राहिलेलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांपासून डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अशी ५३ किलोमीटरची डोंगरातली शर्यत इथे होते, देशभरातून माणसं येतात. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर भटके लोक तर पूर्वीपासून चालत आले आहेत. आणि त्यांच्याही आधी याच खोऱ्यांतून पत्रं घेऊन जासूद, हरकारे आणि कासीद पळत होते. पायांवर पोट असलेली माणसं होती ती. त्यांना कुणी कंबर मोजायला सांगत नव्हतं.

एका शेकोटीपाशी आजीबाईंनी हटकलं, ‘कुठनं आलात?’ भोरहून म्हटल्यावर त्यांनी भाबींकडे बघून विचारलं, ‘शर्यतीत हाय का गं बाय तू?’ भाबींनी नाही म्हणून सांगितलं, साखर वाढलीय म्हणून पळते. आजीबाईंनी मान डोलावली. ‘माझ्या थोरल्या ल्योकाला बी हाय. पुण्यात असतो. बसूनच असतो दिसभर.’ आणि मग घरात जाऊन त्या कोऱ्या चहाचे चार पेले घेऊन आल्या. त्यात भरपूर गूळ होता. भाबींनी दोन घोट घेऊन पेला भाच्याकडे सरकवला आणि आजीबाईंना गव्हाच्या पोळीऐवजी लेकाला नाचणीची भाकरी पाठवता येईल का, ते विचारत बसल्या. निघताना अर्धा पायली वाल गळ्यात पडले, पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी भाबी न थांबता चार किलोमीटर पळाल्या. फार हळू, बाजूनं चालणारी शेळी पुढे गेली असती इतक्या हळू, पण थांबल्या नाहीत. वेल्ह्यात पोचल्यावर एसटी स्टँडच्या कठड्यावर बसल्या आणि बूट काढून पायांचे अंगठे हलवून बघत राहिल्या. दोन्ही पायांचे. आम्ही काही बोललो नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. ६.३ ची ६.० झाली आहे. डॉक्टर म्हणाले, बरं आहे, पण उंबरठ्याच्या बाहेर नाही, तीन महिन्यांनी परत या. कंबर भाबींची तीन सेंटिमीटरनं उतरली, आम्हा दोघांची दोन-दोननं. भाच्याची एक सेंटिमीटर वाढली आणि तो खूष आहे.

आता रमजान तोंडावर आला आहे, यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. दरसाल तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. म्हणजे येती काही वर्षं तो भर थंडीत येणार. २०३० साली तर जानेवारीच्या आरंभी एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात येतील. दिवस लहान, रोजा बारा-साडेबारा तासांचा, तहान कमी. पळणाऱ्यांना हे सोयीचं आहे, आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर भजी-समोसे मोठाल्या परातीतून येत असतील, तर वजनालाही सोयीचं आहे. सेहरीनंतर पळून दिवसभर कोरडं राहणं आम्हाला पेलणार नाही. म्हणून असं ठरलं आहे की इफ्तारच्या आधीचा अर्धा तास फक्त चालायचं, पुलापर्यंत, आणि अजानच्या वेळेला घरात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र रोज्याचं आणि चालण्याचं वेळापत्रक आपल्या डॉक्टरांना रमजानच्या आधीच विचारून घ्यावं.

दूधवाल्या काकांना भाबींनी महिनाभराची रजा मागितली. काकांनी विचारलं, ईद कधी? मार्चच्या वीस-एकवीसला, चंद्रावर आहे, म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग बावीसला बघतो.’